शेजारच्या सीटचा पट्टा

३ फेब्रुवारी

यंदा कंपनीने डायऱ्या छापल्या नाहीत. काटकसर म्हणे. एरवी वर्ष संपता संपता प्रत्येकाच्या हातात एक जाडजूड डायरी पडायची. मी ती घरी आणून बायकोला द्यायचो आणि ती त्यात पाककृतींची कात्रणं चिकटवायची. गेल्या वर्षीची मात्र तिने घेतली नाही. म्हणाली, "तुम्हीच लिहा काहीतरी. बोलत तर नाही, निदान लिहा." म्हणून ती कोरीच पडून होती. आज काढली. वार एका दिवसाने मागे पडतात, पण तारखांना काही धाड भरलेली नाही.

लिहायला कारण असं की आज माझी बदली झाली. इंजिन जोडणीतून थेट मागच्या आवारात. विकल्या न गेलेल्या गाड्या तिथे उभ्या करतात. साहेब म्हणाले, "गाड्या जिवंत ठेवायच्या आहेत. अनुभवी माणूस हवा." अनुभवी म्हणजे रिटायर व्हायला टेकलेला. एवढं मला कळतं.

ही लेकीकडे आहे. लेकीचं बाळंतपण झालं, नात झाली, आता नात रांगायलाही लागली. जाताना मी विचारलं होतं, परत कधी येशील. तर म्हणाली, "कारखान्याचं काय ते एकदा ठरू दे, मग बघू." बरोबरच आहे. कारखाना राहणार की जाणार हेच माहीत नसेल तर तिने यायचं तरी कशाच्या भरवशावर? सरकार मदत देणार, देणार, असं कधीपासून चाललंय. एकदा ती मिळाली की ही आलीच म्हणून समजा.

९ फेब्रुवारी

काम सोपं आहे. प्रत्येक गाडीत बसायचं, किल्ली फिरवायची, इंजिनाच्या उष्णतेचा काटा मध्यावर येईपर्यंत थांबायचं. मग गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याएवढी पुढे घ्यायची, नाहीतर टायर एकाच बाजूने बसतो. एक रांग संपली की दुसरी. शेवटची रांग होईपर्यंत पहिलीला पुन्हा हाक मारायची वेळ येते.

लोकांना वाटतं नवी गाडी नुसती उभी राहिली तर नवीच राहील. काही नाही. बॅटरी उतरते, रबर चिरतं, उंदीर वायरी खातात. वापरून गाडी जेवढी खराब होत नाही तेवढी न वापरता होते.

अर्ध्याहून जास्त गाड्या शेवाळी रंगाच्या आहेत. हा रंग वरच्या कुठल्याशा साहेबाच्या बायकोला आवडला होता असं म्हणतात. बाजारात कुणालाच आवडला नाही. गेटवरचा पहारेकरी (त्याला आम्ही शिट्टी म्हणतो, कारण तो माणसांशीही शिट्टीनेच बोलतो) म्हणाला, "एवढ्या गाड्या उभ्या करण्यापेक्षा त्या साहेबाची बायको उभी केली असती तर स्वस्तात पडलं असतं." मी दिवसभरात तेवढंच हसलो. तेवढंच बोलणंही झालं.

१७ फेब्रुवारी

कारखाना आता आठवड्यातले निम्मे दिवसच चालतो. बंदच्या दिवशी कँटीनही बंद. पण आवाराला सुट्टी नाही, गाड्यांना काय माहीत कारखाना बंद आहे ते. म्हणून डबा गाडीतच खातो. अगदी शेवटच्या रांगेत झाडाखाली एक शेवाळी गाडी आहे, तिच्यात सावली असते.

आज डब्याची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली आणि इंजिन सुरू केलं, तर गाडी लागली टीं टीं टीं करायला. आधी कळेना. मग लक्षात आलं, पिशवीत पाण्याची भरलेली बाटली, उकडलेली अंडी, डबा, सगळं वजन. गाडीला वाटलं शेजारी माणूस बसलाय आणि त्याने पट्टा लावलेला नाही. शेवटी पिशवीला पट्टा लावला तेव्हा गप्प झाली.

जेवल्यावर गाडी नियमाप्रमाणे जराशीच पुढे घ्यायची, पण मी भिंतीच्या कडेने तिला एक चक्कर मारून आणली. जेवणानंतर माणसाने शतपावली करावी, तसं. गाडीलाही बरं वाटलं असावं, इंजिन फार गोड चालत होतं.

२२ फेब्रुवारी

रविवार (डायरीत शनिवार). हिचा फोन.

"जेवलात का?"

"हो."

"तब्येत?"

"ठीक."

मग मी मदतीची बातमी दिली. मंत्रालयात फाईल पुढे सरकलीय, आता एक समिती नेमणार. ती "बरं" म्हणाली. मागे नात काहीतरी आपटत होती आणि कुणीतरी मोठ्याने हसत होतं. मी विचारलं, "मग येतेस कधी?" ती म्हणाली, "ठरू तरी दे ना आधी."

फोन ठेवल्यावर घर फारच शांत वाटलं. रेडिओ लावला. आमच्याकडे रेडिओ पहिल्यापासून असाच चालू असतो. हिची तक्रार असायची, "या घरात फक्त रेडिओ बोलतो." मग तो चांगला मोठा आहे, दोन खोल्यांत ऐकू जातो, यात तक्रार कसली?

१ मार्च

केस कापायला गेलो. सलूनवाल्याशी वाद झाला. म्हणजे तो बोलला आणि मी ऐकलं, कारण वस्तरा गळ्यावर असताना कोण वाद घालणार?

तो म्हणाला, "तुमच्या कंपनीने कुणाला नको असलेल्या गाड्या बनवल्या, त्याचे पैसे मी का भरायचे? माझ्या दोन खुर्च्या रिकाम्या असतात. सरकार येऊन बसतं का त्यांत?"

गळा मोकळा झाल्यावर मी म्हटलं, "अरे बाबा, कारखाना बुडाला तर या गावात केस कापायला येणार कोण? आम्ही सगळे उठून गेलो की तुझी तिसरीही खुर्ची रिकामी."

"केस काय, कुठेही वाढतात. मीही उठून जाईन."

"आणि हे दुकान? बापाच्या वेळेपासूनचं?"

त्याने टॉवेल झटकला. "म्हणून तर चिडतोय. तुमच्यासाठी रडायला समिती आहे. माझ्यासाठी कोण आहे?"

 बाहेर पडल्यावर उत्तर सुचलं की गाडी एकटी नसते, तिच्यामागे टायरवाला, काचवाला, शिवणकामवाली अशी सगळी वरात असते. एक बसला की सगळे बसतात. मदत द्यायलाच हवी. इतकी वर्षं चाललेली गोष्ट अशी ऐन वेळी सोडून द्यायची नसते. पण मागे फिरून हे सांगायला गेलो नाही.

५ मार्च

सलूनवाल्याला जे सांगायचं राहिलं ते आज जेवताना पिशवीला सांगितलं. वेड लागलंय असं वाटेल कुणाला. पण टायरवाल्यापासून शिवणकामवालीपर्यंत सगळं नीट मांडलं आणि फार हलकं वाटलं. मग उंदरांची गोष्ट सांगितली, शिट्टीने साहेबाला चुकून शिट्टी मारली ती सांगितली. बोलता बोलता भिंतीच्या कडेने तीन चकरा झाल्या.

ही म्हणते मी बोलत नाही. बोलतो की. घरी येईपर्यंत दमलेलो असतो एवढंच.

१२ मार्च

समिती येणार हे नक्की झालं. कारखाना बघून ठरवतील, मदत द्यायची की नाही. साहेबांची झोप उडालीय. मला बोलावून म्हणाले, "आवार एवढं भरलेलं दिसता कामा नये. गाड्या एकमेकांना चिकटवून उभ्या करा. निम्मी जागा मोकळी दिसली पाहिजे."

मी म्हटलं, "साहेब, इतक्या चिकटवल्या तर दार उघडणार नाही. दार उघडलं नाही तर सुरू कशा करू?"

"समिती जाईपर्यंत नका करू."

"मरतील."

"आधी कारखाना वाचू द्या हो," साहेब म्हणाले. माणूस वाईट नाही. त्याचाही मुलगा शिकतोय.

१५ मार्च

रविवार. आज फोन लेकीने घेतला. आई कुठे आहे विचारलं तर म्हणाली, "पोहायला."

मला वाटलं ऐकण्यात घोटाळा झाला. पण नाही. ही पोहायला शिकतेय! तिकडे एक तलाव आहे म्हणे, तिच्या वयाच्या बायका जमतात. पाण्याला घाबरणारी बाई. लग्नानंतर एकदा समुद्रावर गेलो होतो, तर चपला हातात धरून कोरड्या वाळूत उभी होती.

संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा विचारलं, "पोहायला जातेस आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

आता हे काय विचारायचं असतं का? बायकोला फोन करून कुणी विचारतं का, बाई गं, तू पोहायला लागलीस का? मी तसं म्हणालोही. ती हसली नाही. म्हणाली, "डब्यात काय नेता?"

तिथे तिला करमत नसणार. वेळ घालवायला काहीतरी हवं म्हणून हे. इथे आली की सुटेल आपोआप.

२० मार्च

हात भरून आले. गाड्या चिकटवायचं काम संपलं. एकीला एक खेटून, आरशाला आरसा लागेल अशा. आवार खरंच निम्मं मोकळं दिसतं. दुरून बघणाऱ्याला वाटेल, वा, बऱ्याच खपल्या. मला मात्र बघवत नाही. आता कुणात बसताही येत नाही.

झाडाखालची तेवढी सोडली. साहेब म्हणाले, "ती का राहिली?" मी म्हटलं, "मुळं वर आलीयत, हलवली तर टायर फाटेल." खोटंच बोललो. पण दुपारी जेवायला कुठेतरी बसायला नको का?

२६ मार्च

समिती येऊन गेली.  

पाच-सहा जण होते, सोबत एक वार्ताहरही. प्रमुख एक बाई. माझ्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. पायात साधे बूट, बोलणं हळू. जोडणी विभाग बघून झाल्यावर साहेबांनी त्यांना चहाकडे न्यायचा घाट घातला होता, पण बाई म्हणाल्या, "मागचं आवार बघू." बघितल्यावर म्हणाल्या, "एखादी सुरू करून दाखवा."

कडेच्या गाडीचं दार कसंबसं उघडलं. किल्ली फिरवली. खट्. मेलेली. दुसरी. तीही. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. कुणीतरी मागून म्हणालं, "यांना मदत द्यायची?" आणि मी ते ऐकलं.

माझ्या डोळ्यांसमोर काय आलं सांगू? ही दारात उभी, हातात सामान, आणि पाय आत न टाकताच मागे फिरतेय. मी पुढे झालो आणि म्हटलं, "बाई, ती झाडाखालची बघा. हात लावायचा अवकाश, सुरू होईल."

झालीच सुरू. पहिल्या झटक्यात. मला इतका अभिमान वाटला. बाई आत बसल्या, आणि बघतात तो शेजारच्या सीटवर माझी डब्याची पिशवी, पट्टा लावून बसलेली. रेडिओ आपोआप बोलायला लागला. समोर अंड्याची टरफलं. बाईंनी गाडी किती चालली तो आकडा बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"ही गाडी नवी आहे ना?"

"हो बाई."

"मग इतकी कशी चालली?"

आता काय सांगणार? म्हटलं, "जेवणानंतर थोडी शतपावली करवतो तिला." मागे वार्ताहर खदकन हसला. बाई हसल्या नाहीत.

त्यांनी विचारलं, "हे काम तुम्ही एकटेच करता?"

"हो."

"आणि नाही केलं तर?"

"गाड्या मरतात बाई. आत्ता बघितलंत ना."

"किती दिवस जिवंत ठेवायच्या?"

"विकल्या जाईपर्यंत."

"आणि विकल्याच गेल्या नाहीत तर?"

असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही.  बाईंनी खाली उतरण्याआधी पिशवीचा पट्टा सोडला, तर गाडी टीं टीं करायला लागली. त्यांनी पुन्हा लावला. मग हळूच म्हणाल्या, "हिला सवय झालीय."

२८ मार्च

वर्तमानपत्रात आलं. मोठ्या अक्षरांत, ‘करदात्यांच्या पैशांवर शतपावली!’ खाली लिहिलंय की ज्या कंपनीत न विकलेल्या गाड्यांत कामगार जेवणं करतात आणि फेरफटके मारतात, तिला सरकारने का पोसावं? शेवाळी रंग कुणी निवडला ते नाही लिहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे.

साहेबांनी बोलावलं. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. म्हणाले, "तुम्हाला मी जाणतो म्हणून सांगतो. मदत नाही मिळाली तर लोक तुमचंच नाव घेतील." मग म्हणाले, "घरी कोणी नाही का तुमच्या?" मी म्हटलं, आहे की, बायको आहे. लेकीकडे गेलीय.

२ एप्रिल

कँटीनमध्ये माझ्या बाकावर कुणी बसत नाही. मी बसलो की समोरचा चहा संपवून उठतो. रागावतात त्याचं वाईट वाटत नाही, त्यांची मुलं आहेत, हप्ते आहेत. पण ज्यांच्याबरोबर इंजिनं उचलली ते नजर चुकवतात. शिट्टी तेवढा बोलतो. आज म्हणाला, "काढून टाका मनातून. तुमच्यामुळे निदान पेपरात तरी आलो."

गाड्या पुन्हा सुट्या केल्या. निम्म्याहून अधिक बॅटऱ्या गेल्यात. एकेक चार्ज करतोय. डबा आता भिंतीपाशी उकिडवा बसून खातो. झाडाखालच्या गाडीला साहेबांनी कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवलीय. तिथून जाताना काचेतून दिसतं, पट्टा अजून लावलेलाच आहे. पिशवी काढली तेव्हा तो सोडायचा राहिला.

५ एप्रिल

रविवार. हिला पेपराचं कळलंय, जावयाने दाखवलं. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "गाडीत कुणाशी बोलत होतात?"

"कुणाशी? पिशवी होती नुसती."

"पेपरात लिहिलंय, गेटवरच्या पहारेकऱ्याने सांगितलं, रोज बोलत असायचे म्हणून."

शिट्टीचं म्हणजे उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हटलं, "असंच. कामाचं. दिवसभरात काय झालं ते."

  ती म्हणाली, "एवढ्या वर्षांत मला कधी सांगितलं नाहीत हो," आणि फोन लेकीकडे दिला.

सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. उंदरांच्या गोष्टी तिला काय सांगायच्या?

११ एप्रिल

आज दिवसभरात एकही शब्द बोललो नाही. संध्याकाळी दूधवाल्याला "अर्धा" म्हणायला गेलो तर घशातून आवाजच फुटेना.

१४ एप्रिल

बाईंचा प्रश्न डोक्यातून जात नाही. विकल्याच गेल्या नाहीत तर? मी मदतीच्या बाजूचा आहे, अजूनही आहे. सरकारने हात दिलाच पाहिजे. पण सलूनवालाही अगदीच खोटं बोलत नव्हता. नुसतं चालू ठेवणं म्हणजे चालणं नव्हे. मी रोज काटा मध्यावर आणतो आणि गाडी जिथे होती तिथेच असते. त्यात माझी चूक नाही. ती कुठे जायला हवी हे ठरवणं माझं काम नाही. मग कुणाचं?

२१ एप्रिल

मिळाली! मदत मिळाली!

दुपारी भोंगा झाला, वेळेचा नव्हे, आनंदाचा. दोन वर्षं सरकार पैसे देणार. अटी पुष्कळ आहेत. शेवाळी रंग बंद, मोठी गाडी बंद, विजेवर चालणारी छोटी गाडी काढायची. उभ्या असलेल्या गाड्या सरकारी खात्यांना कमी भावात जाणार. कँटीनमध्ये लोकांनी मलाही मिठी मारली, जसं काही झालंच नव्हतं. साहेब म्हणाले, समितीच्या बाईंनी अहवालात लिहिलंय, ‘इथली माणसं काम सोडत नाहीत, त्यांना नेमकं काम द्यायला हवं.’ शिट्टी म्हणाला, "हे तुमच्यावरच आहे." असेल किंवा नसेल.

घरी आलो ते जवळजवळ पळतच. बूट न काढता फोन लावला. रविवार नव्हता, तरी.

"मिळाली मदत! आता दोन वर्षं चिंता नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "तुमच्या मनासारखं झालं. खरंच बरं झालं."

"मग कधी येतेस? स्टेशनवर घ्यायला येतो."

 ती अगदी शांतपणे, रागाने नव्हे, म्हणाली, "मी कारखान्यासाठी थांबले नव्हते हो."

"तूच तर म्हणाली होतीस, ठरू दे म्हणून."

"म्हणाले होते. दुसरं काय म्हणायचं ते मला सुचत नव्हतं. तुम्ही विचारलं असतं तर सुचलं असतं कदाचित."

"काय विचारलं असतं?"

"काहीही," ती म्हणाली.

मी बूट घालूनच बसून राहिलो. रेडिओवर मदतीचीच बातमी सांगत होते.

२४ एप्रिल

सलूनवाल्याने दोन्ही रिकाम्या खुर्च्या विकल्या. आता एकच खुर्ची चालवतो आणि बाजूला मोबाईल दुरुस्ती सुरू केलीय. मला म्हणाला, "अभिनंदन. माझ्या पैशाने जगताय, बसा." केस वाढलेच नव्हते, तरी बसलो. वस्तरा गळ्यावर नसतानाही काही बोललो नाही. तो म्हणाला, "काय झालं? आज वाद नाही?" मी विचारलं, "तुझं कसं चाललंय?" त्याने आरशातून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याचे पैसे बुडवलेत. मग मात्र बोलायला लागला तो थांबेचना. बापाच्या आजारपणापासून सगळं सांगितलं. मी इतकी वर्षं तिथे केस कापतोय, त्याला बहीण आहे हेही मला माहीत नव्हतं.

३० एप्रिल

आज आवारातून पहिल्या गाड्या गेल्या. ट्रेलर रांगेने उभे होते. झाडाखालची मात्र सरकारी खात्यात जाणार नाही. इतकी चाललेली गाडी नवी म्हणून देता येत नाही. ती तंत्रशाळेत जाणार. तिथे मुलं ती खोलून बघतील, पुन्हा जोडतील, पुन्हा खोलतील. साहेब म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. उपयोगी पडेल." वाईट वाटतंय. पण इथे उभी राहून रोज चकरा मारण्यापेक्षा बरं, हेही खरं.

ट्रेलरवाला चढवायला आत बसला आणि बाहेर डोकं काढून ओरडला, "अहो, इकडच्या सीटचा पट्टा लावलाय. कोण बसायचं इथे?"

मी सांगणार होतो, डबा. तोंडातून निघालं, "बायको."

तो म्हणाला, "मग सोडू का?" मी पुढे जाऊन माझ्या हाताने सोडला. पट्टा सर्रकन आत गेला. गाडी ट्रेलरवर चढली, वळणावरून दिसेनाशी झाली. शिट्टीने उगाचच एक लांब शिट्टी मारली.

घरी आलो. चहा केला, प्यायलो नाही. ही पहिल्यांदा फोनवर "जेवलात का" विचारते, मग "तब्येत". दर वेळी. आणि मी दर वेळी विचारतो, येतेस कधी. दुसरं काही मी तिला कधी विचारलंय का ते आठवायला बसलो. सलूनवाल्याला विचारलं, ट्रेलरवाल्यालाही विचारलं की बाबा कुठून आलास, जेवलास का. हिला नाही.

फोन लावला. तिने उचलल्यावर मी म्हटलं, "आज दिवसभर काय काय केलंस?"

ती एकदम घाबरली. "का? काय झालं? बरं आहे ना तुम्हाला? छातीत दुखतंय का?"

"नाही गं."

"मग कारखाना पुन्हा बंद होतोय का?"

"कारखाना चालू आहे. मी ठणठणीत आहे. सहज विचारतोय."

  तिचा आवाज जरासा संशयी झाला.

"सगळं सांगू? सकाळपासून?"

"सकाळपासून."

"लांबेल हो. आज मी पहिल्यांदा खोल पाण्यात गेले. पाय टेकत नाहीत तिथे."

मी उठून रेडिओ बंद केला आणि म्हटलं, "सांग."